किट कारचा रोल बार: पाय कुठे बसवावेत आणि उंची किती असावी?

कोव्हेंट्रीकर:
नमस्कार. गेली चार वर्षे घरच्या गॅरेजमध्ये मी लोटस सेव्हनच्या धर्तीची एक उघडी, दोन आसनांची गाडी बांधत होतो. तिची चॅसिस २५ मिलिमीटर चौकोनी आणि १.६ मिलिमीटर जाडीच्या नळ्यांची आहे, तर मागचा अ‍ॅक्सल जुन्या फोर्ड एस्कॉर्टचा आहे. आयव्हीए (घरी बांधलेली गाडी रस्त्यावर आणण्यापूर्वीची ब्रिटनमधली सरकारी तपासणी) पार पडली, गाडीला नंबर मिळाला आणि या उन्हाळ्यात ती रस्त्यावर फिरलीही. आता पुढच्या वर्षी मुलासोबत ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या बंद मार्गावर आपली गाडी चालवायला, जाण्याचा विचार आहे. मुलगा शेजारच्या आसनावर बसणार आहे, म्हणून या प्रश्नाचे उत्तर मला घाईने नको आहे.

माझ्याकडे स्टेनलेस स्टीलचा एक जुना चकचकीत रोल बार (गाडी उलटली तर डोके वाचवणारी नळीची कमान) आहे. आसनांमागे उभा केला की तो अगदी शोभून दिसतो. परंतु त्याला मागे टेकू देणारे दांडे नाहीत आणि त्याच्या उघड्या टोकाशी कॅलिपर लावून पाहिला, तर नळीची जाडी जेमतेम १.५ मिलिमीटर भरते. हा बार चॅसिसच्या वरच्या नळीवर बोल्टने पक्का केला तर चालेल का? नाही तर नवा बार करून घेताना त्याचे पाय नेमके कुठे उतरवावेत आणि उंची कशी ठरवावी?

यंत्रवेडा:
आपण विचारूनच पुढे जात आहात, याचे समाधान वाटले. तो बार शोभेचा आहे. त्याच्यावर कुणाचाही जीव सोपवू नका.

केवळ नळी बारीक आहे म्हणून मी हे म्हणत नाही. उलटलेली गाडी बहुतेक वेळा पुढे घसरत जाते आणि जमीन बारचा माथा मागे ढकलते. मागे आधार नसेल तर तो बार म्हणजे जमिनीत रोवलेल्या खांबासारखा फक्त तळाशी धरलेला असतो आणि सगळा वाक पायांशी एकवटतो. आपली गाडी ६०० किलोची आणि बार पायांपासून ६०० मिलिमीटर उंच आहे असे धरू. माथ्यावर गाडीच्या वजनाइतकाच जोर मागच्या दिशेने आला आणि तो दोन्ही पायांत समान वाटला गेला, तर ४५ मिलिमीटर व्यासाच्या आणि २.५ मिलिमीटर जाडीच्या भक्कम नळीतही तळाशी सुमारे ५२५ मेगापास्कल ताण येतो. एफआयए या मोटारशर्यतींच्या जागतिक संघटनेच्या नियमांत या नळीच्या पोलादाची किमान ताणशक्ती ३५० मेगापास्कल सांगितली आहे. म्हणजे स्पर्धेच्या दर्जाची नळीसुद्धा मागच्या आधारांविना टिकणार नाही. मग आपल्या दीड मिलिमीटरच्या नळीची काय कथा! खऱ्या अपघातातला जोर तर गाडीच्या वजनापेक्षा कितीतरी अधिक असू शकतो.

नवा बार करताना सांधा नसलेली, थंड ओढलेली कार्बन पोलादाची नळी घ्यावी. इथले नळीवाले तिला सीडीएस म्हणतात. मुख्य कमानीसाठी ४५ बाय २.५ किंवा ५० बाय २.० आणि मागच्या आधारांसाठी ३८ बाय २.५ किंवा ४० बाय २.० ही एफआयएची मापे आहेत (व्यास बाय जाडी, मिलिमीटरमध्ये). कमान एकाच अखंड नळीची आणि थंड वाकवलेली असावी. वळणाची त्रिज्या नळीच्या व्यासाच्या निदान तिप्पट ठेवावी आणि वळणावर नळी चपटी झालेली दिसली, तर तो तुकडा सरळ बाजूला टाकावा. मागचे दोन आधार कमानीच्या माथ्याजवळून निघून उभ्या रेषेशी किमान ३० अंशांचा कोन करत मागे उतरले पाहिजेत. कमानीच्या आत एक तिरका दांडाही घालावा, म्हणजे आडवा जोर आल्यावर कमान कलंडत नाही.

आता पायांबद्दल, कारण घरी बांधलेल्या गाड्यांत मला सर्वाधिक चुका इथेच दिसल्या आहेत. आपल्या चॅसिसची चौकोनी नळी तिच्या लांबीच्या दिशेने जोर पेलते; मध्यावर वरून दाब आला तर ती डब्यासारखी चेपते. म्हणून बारचा प्रत्येक पाय जिथे तीन-चार नळ्या एकत्र येतात त्या सांध्यावरच उतरला पाहिजे. कमानीसाठी आसनांमागच्या आडव्या भिंतीचे दोन्ही बाजूंचे उभे खांब आणि मागच्या आधारांसाठी मागच्या स्प्रिंगच्या वरच्या जोडाजवळचा भाग, अशा जागा आपल्या धर्तीच्या चॅसिसमध्ये सापडतात. सांधा थोडा दूर असेल, तर पायाखाली एक तिरकी नळी वेल्ड करून तिथे नवा सांधा तयार करावा. कमानीच्या प्रत्येक पायाखाली ३ मिलिमीटर जाडीची आणि निदान १२० चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाची पट्टी, तसेच ८.८ या मजबुतीच्या दर्जाचे किमान तीन एम८ (८ मिलिमीटरचे) बोल्ट असावेत. बोल्ट पोकळ नळीतून आरपार जात असेल, तर आत नळकांडे बसवून ते वेल्ड केल्याशिवाय नट आवळू नये. अन्यथा नळी चेपते आणि बोल्ट कधीच घट्ट राहत नाही.

सातारी:
वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. पुण्यात अभियांत्रिकी शिकत असताना मी आमच्या महाविद्यालयाच्या बाहा (विद्यार्थ्यांनी बांधलेल्या खडबडीत वाटेवरच्या गाड्यांची स्पर्धा) संघात होतो आणि पिथमपूरच्या स्पर्धेसाठी आम्ही गाडीचा पिंजरा स्वतः वेल्ड केला होता. त्या नियमांत २५ मिलिमीटर व्यास, ३ मिलिमीटर जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असलेली नळी चालते. हे वाचून कुणी आपल्या बारसाठी तीच नळी घेईल, म्हणून मुद्दाम सांगतो की तो चालकाभोवतीचा संपूर्ण पिंजरा असतो आणि त्यातली प्रत्येक नळी दुसरीला धरून ठेवते. एकट्या कमानीसाठी ते माप लावू नये.

वेल्डिंगबाबत आमच्या कार्यशाळेतल्या गुरुजींची शिस्त मी आजही पाळतो. त्याच नळीचे तुकडे आधी जोडून, करवतीने कापून, झाळ आतपर्यंत उतरली आहे का हे पाहायचे आणि मगच खऱ्या कामाला हात घालायचा. वरून सुबक दिसणारी झाळ आत पोकळ निघाल्याचे मी स्वतः पाहिले आहे. आपला हात बसलेला नसेल, तर मापे घेऊन, टाके मारून (जागोजागी छोटी झाळ लावून) बार एखाद्या अनुभवी वेल्डरकडे न्यावा. गाडीवर वेल्डिंग करण्यापूर्वी बॅटरी सोडवा आणि पेट्रोलची टाकी पूर्ण बाहेर काढा, कारण अशा गाडीत ती आसनांच्या अगदी मागे असते. बारला क्रोम करू नका. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होऊ शकते. शिवाय जाड चकाकीखाली झाळेची बारीक चीर दिसत नाही. साधा रंग सर्वांत उत्तम.

कोव्हेंट्रीकर:
दोघांचेही मनापासून आभार. स्टेनलेसचा बार आज भिंतीवर टांगला.

काल हेल्मेट घालून आसनावर बसलो आणि मुलाकडून माप घेतले. माझी उंची १८३ सेंटीमीटर असल्याने हेल्मेटचा माथा त्या बारच्याही ४० मिलिमीटर वर येतो. नवा बार नेमका किती उंच करावा? शिवाय खांद्यांचे पट्टे त्यालाच बांधता येतील का?

यंत्रवेडा:
उंची वाढवण्यापूर्वी आसन खाली घ्या. आसनाखालच्या सरकत्या पट्ट्या काढून ते थेट गाडीच्या तळाला बसवले, तर बरीच जागा मिळते. बार जितका उंच, तितका त्याच्या पायांवरचा वाक जास्त. त्यानंतर बारचा माथा हेल्मेटच्या किमान ५० मिलिमीटर वर राहील असे पाहा. आणखी एक तपासणी अवश्य करा. बारच्या माथ्यापासून डॅशबोर्डपुढच्या भक्कम चौकटीपर्यंत एक सरळ लाकडी पट्टी धरा. आपले आणि मुलाचे, दोन्ही हेल्मेट त्या रेषेच्या खाली राहिले पाहिजेत. काचेची चौकट यात धरू नका, ती उलटलेल्या गाडीचे वजन पेलत नाही.

खांद्यांच्या पट्ट्यांसाठी कमानीत एक आडवी नळी घाला. आसनाच्या वरच्या कडेपासून पट्टे मागे जाताना ते आडव्या रेषेच्या खाली १० अंशांपर्यंतच उतरावेत. ४५ अंश ही एफआयएची कमाल मर्यादा आहे. पट्टे फार खाली ओढले गेले, तर धडकेत ते खांदे खाली दाबतात आणि तो भार मणक्यावर येतो. पट्ट्यांचे ७/१६ इंची बोल्ट नळीला नुसते भोक पाडून बसवू नयेत. आटे असलेले जाड बूश (पोलादी नळकांडे) नळीतून आरपार घालून दोन्ही बाजूंनी वेल्ड करावे.

सातारी:
एक राहून गेले. घरातल्या पाण्याच्या पाइपावर घालतात तो मऊ फोम बारवर लावू नका, बोटानेही तो पूर्ण दबतो. एफआयए ८८५७-२००१ या मानकाचे घट्ट आवरण मिळते, तेच घ्या. परंतु ते हेल्मेट घातलेल्या डोक्यासाठी आहे. रस्त्यावर आपण हेल्मेटशिवाय गाडी चालवणार आणि मागून कुणी धडक दिली तर डोके थेट बारकडे जाणार. त्यामुळे डोक्यामागे पक्की उशी असलेले आसन निवडा आणि डोके मागे झुकवले तरी नळीपर्यंत पोहोचत नाही, हे मुलाला बसवूनही तपासा. विमा कंपनीलाही हा बदल लेखी कळवा.

कोव्हेंट्रीकर:
आज आसनाच्या सरकत्या पट्ट्या काढल्या आणि हेल्मेट ३५ मिलिमीटर खाली आले. पुठ्ठ्याची कमान कापून ती जागेवर उभी केली, तेव्हा उजवा पाय सांध्यापासून ६० मिलिमीटर बाहेर पडतो असे दिसले. त्यामुळे पुढच्या शनिवारी टाकी उतरवून आधी तिथे तिरकी नळी बसवणार आहे. नळी मागवण्याचे काम त्यानंतर.