डर्बी कधी जुना डेटा दाखवतो, कधी रिकामा डेटाबेस : मदत हवी आहे

जावा ८, अपाचे डर्बी १०.१४ (जावातला डेटाबेस), एम्बेडेड मोड, म्हणजे डेटाबेस प्रोग्रॅमच्या आतच चालतो. यूआरएल 'जेडीबीसी:डर्बी:साठा;क्रिएट=ट्रू'. 'डर्बी.सिस्टिम.होम' (डेटाबेस कुठल्या फोल्डरमध्ये ते सांगणारी प्रॉपर्टी) कोडमध्येच सेट होते. बहुतेक वेळा सगळं नीट चालतं, मध्येच ४२एक्स०५ येतो, म्हणजे टेबलच सापडत नाही. तेव्हा प्रोग्रॅम जिथून चालवला त्याच फोल्डरमध्ये नवा 'साठा' आणि डर्बी.लॉग तयार झालेले असतात. जेडीबीसी ४ ला (जावातून डेटाबेसशी जोडणी करायची पद्धत) लागत नाही म्हणून ड्रायव्हर लोड करणारी 'क्लास.फॉरनेम'ची ओळ काढली. तेव्हापासून डर्बीच्या नेटवर्क सर्व्हरचा १५२७ पोर्टही सुरुवातीला उघडत नाही. जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद १ :
दोन्ही दुखणी एकाच जागची आहेत : डर्बीचं इंजिन नेमकं कधी बूट (सुरू) होतं. 'सिस्टिम.होम' बूट होताना एकदाच वाचलं जातं, नंतर बदलून उपयोग नाही. जारमधल्या 'मेटा-इन्फ/सर्व्हिसेस' फाइलमुळे ड्रायव्हरमॅनेजर (ड्रायव्हर शोधणारा जावाचा भाग) 'ऑटोलोडेडड्रायव्हर' आपोआप नोंदवतो, पण तो इंजिन चालू करत नाही. डर्बीचं पहिलं कनेक्शन जो मागेल तो इंजिन उठवतो. एखादा टायमर थ्रेड तुमच्या 'सेटप्रॉपर्टी'च्या आधी पोचला की चालू फोल्डरच होम ठरतं, आणि 'क्रिएट=ट्रू' तिथे मुकाट्याने रिकामा डेटाबेस बनवतं. ऑटोलोडिंग नसतं तर तोच थ्रेड 'नो सूटेबल ड्रायव्हर' म्हणत आपटला असता आणि चूक तिथेच उघडी पडली असती.

होम कमांड लाइनवर 'उणे डी'ने द्या, पूर्ण पाथसकट. रोजच्या यूआरएलमधून 'क्रिएट' काढा. मग चुकीच्या जागी एक्सजे००४ (डेटाबेस सापडला नाही) मिळेल, रिकामा डेटाबेस नाही. पोर्टसाठी मेनच्या पहिल्या ओळींत 'एम्बेडेडड्रायव्हर' नाव घेऊन लोड करा, त्याच्या स्टॅटिक ब्लॉकमध्येच बूट आहे. 'स्टार्टनेटवर्कसर्व्हर' प्रॉपर्टी त्याआधी लागलेली हवी.

प्रश्नकर्ता :
केलं, टेबलं दिसतात, पोर्टही उघडतो. पण युनिट टेस्टमध्ये शटडाउननंतर पुढच्या टेस्टला ०८००१ (योग्य ड्रायव्हर नाही) येतो.

प्रतिसाद २ :
शटडाउन ड्रायव्हरची नोंदही काढून टाकतं. 'शटडाउन=ट्रू;डीरजिस्टर=फॉल्स' लिहा. नुसतं 'क्लास.फॉरनेम' पुन्हा चालवून काही होणार नाही, क्लास आधीच लोड झालेला असतो. त्याला जोडून 'न्यूइन्स्टन्स' लागतं. शटडाउनला येणारा एक्सजे०१५ ही चूक नव्हे, काम झाल्याची पावती आहे.

प्रतिसाद १ :
पुढे टॉमकॅटवर (जावाचा वेब सर्व्हर) नेणार असाल तर जार 'वेब-इन्फ/लिब'मध्ये ठेवून ऑटोलोडिंगवर विसंबू नका. टॉमकॅट सुरू होतानाच ड्रायव्हरमॅनेजर जागा करतो आणि तो शोध एकदाच होतो, तुमचा जार तेव्हा त्याला दिसत नाही.