अनुभवी सॉफ्टवेअर इंजिनिअर मिळत नाहीत, फ्रेशर घेऊन तयार करायचे तर कसे? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या कंपनीत बॅकएंड टीम (पडद्यामागचा कोड लिहिणारी) सांभाळते. आमच्या सॉफ्टवेअरवर ऑर्डर, पैसे आणि साठा यांचा हिशेब चालतो, त्यामुळे कोडमध्ये चूक झाली की ती थेट कुणाच्या तरी खात्यात दिसते. टीममधले अनुभवी लोक सोडून गेल्यापासून त्या जागा रिकाम्या आहेत. अर्जांचा तोटा नाही, पण काम सोपवावं असा माणूस मिळत नाही.

कुठे अडतं ते सांगते. मुलाखतीत अल्गोरिदमचे ठरावीक प्रश्न लोक भराभर सोडवतात. मग मी एक प्रसंग देते: एकाच ऑर्डरचे पैसे कधीकधी दोनदा कापले जातात, तेही फक्त गर्दीच्या वेळी. लॉग (यंत्रणेने आपोआप लिहून ठेवलेल्या नोंदी) समोर आहेत, सुरुवात कुठून कराल? इथे बहुतेक जण गप्प होतात. उत्तर यायला उशीर झाला म्हणून क्लायंटने (म्हणजे समोरच्या ॲपने) तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवली असेल, दोन प्रोसेसनी डेटाबेसमधली एकच नोंद एकाच वेळी वाचली असेल, यातलं एक तरी सुचावं इतकीच माझी अपेक्षा. अंदाज चुकला तरी चालेल, पण 'आधी हे तपासेन, कारण...' एवढं तरी ऐकायला मिळावं.

ज्यांना हे जमतं त्यांचे पगार आम्हाला परवडत नाहीत. एक जण हो म्हणाला आणि नोटिस पीरिअड संपता संपता दुसरीकडे रुजू झाला. त्याच्या जागी कुणीही तेच केलं असतं.

ही ओरड जुनीच आहे. १९६८ साली जर्मनीतल्या गार्मिशला नाटोने भरवलेल्या परिषदेत 'सॉफ्टवेअर क्रायसिस'ची, म्हणजे हवं तसं सॉफ्टवेअर वेळेत तयार होत नाही या संकटाची, चर्चा झाली होती. एप्रिल २०२० मध्ये न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कोबोल ही जुनी प्रोग्रॅमिंग भाषा येणाऱ्या स्वयंसेवकांना जाहीर आवाहन केलं, कारण बेरोजगार भत्त्याच्या अर्जांचा पूर आला आणि ती यंत्रणा जुन्या कोबोलवर चालत होती. भाषा कुणीही शिकेल हो, पण एखादी यंत्रणा आतून ओळखणारी माणसं तिच्यावर काम करूनच तयार होतात. पाच वर्षांचा अनुभव सगळ्यांनाच हवा आहे, त्यातलं पहिलं वर्ष द्यायला मात्र कुणी तयार नाही. शिवाय फ्रेशरला देत असू ती बारीकसारीक कामं आता एआय टूलकडे चालली आहेत. मग पुढचे सिनिअर येणार कुठून?

म्हणून मी मॅनेजमेंटकडे दोन फ्रेशर मागणार आहे. त्यांचं म्हणणं, सिनिअर लोकांचा वेळ जाईल आणि शिकून मुलं निघून जातील. पहिला मुद्दा मला मान्य आहे. निवड कशी करावी, सुरुवातीचे महिने काय काम द्यावं, एआयचं काय करावं? ठरावीक काळ नोकरी सोडणार नाही असा बाँड लिहून घेणं मला पटत नाही. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

ताई, निवडीसाठी बग असलेला एक छोटा चालता प्रोग्रॅम द्या आणि शेजारी बसा. इंटरनेट वापरू द्या. एरर मेसेज पूर्ण वाचतो का, दुरुस्तीला हात घालण्याआधी बग पुन्हा घडवून पाहतो का, एवढंच बघा. बाकीचं शिकवता येतं.

सुरुवातीला नवीन फीचर देऊ नका, प्रॉडक्शनचे (प्रत्यक्ष वापरात असलेल्या सॉफ्टवेअरचे) जुने बग द्या. गिट बायसेक्ट शिकवा, म्हणजे कोडच्या नोंदवलेल्या बदलांची (कमिटची) यादी दर वेळी निम्मी करत चूक कुठे शिरली ते शोधणं. हजार कमिटमधून दोषी कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडतो, आणि तो शोधताना कोडचा इतिहासही वाचला जातो. एआयवर बंदी घालू नका. आमच्याकडे नियम एकच: जी ओळ समजावून सांगता येत नाही ती मर्ज होत नाही, म्हणजे मुख्य कोडमध्ये जात नाही.

प्रतिसाद २

थोडं वेगळं मत. फ्रेशर जरूर घ्या, पण त्याने आजची जागा भरणार नाही. उशीर झालेल्या प्रोजेक्टमध्ये माणसं वाढवली की तो आणखी लांबतो, हे सॉफ्टवेअर तज्ज्ञ फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय. शिकवणाऱ्याच्या नावावरचं काम प्लॅनमधूनच कमी करून घ्या. नाहीतर तो रात्री जागून दोन्ही करेल आणि उद्या तोच राजीनामा देईल.

तुमच्या सपोर्ट टीममध्ये पाहिलंत का? सॉफ्टवेअर कुठे मोडतं हे त्यांना पाठ असतं, आणि क्वेरी लिहून (डेटाबेसला नेमकी माहिती विचारून) कारण शोधणारा एखादा तिथे हमखास असतो. बाँडबद्दल सहमत. शिकलेली मुलं जातात ती बहुधा पगारामुळे, बाहेरून आलेल्या नव्या माणसाला त्यांच्यापेक्षा जास्त मिळतं म्हणून. वर्ष झालं की त्यांचा पगार बाजारभावाला आणून ठेवा, हे मॅनेजमेंटकडून आत्ताच लेखी घ्या.

धागालेखिका

दोघांचेही मनापासून आभार. कामाचा भार कमी करण्याचा मुद्दा प्रस्तावात पहिलाच घालते.

सपोर्टचं वाचून एक मुलगी लगेच डोळ्यासमोर आली. तिच्या तिकिटात (तक्रारीच्या नोंदीत) लॉगमधली नेमकी ओळ आणि वेळ दोन्ही असतात. पण ती आमच्याकडे आली तर सपोर्टचे प्रमुख नाराज होतील, त्यांच्याकडेही माणसं कमीच आहेत. सुरुवातीला अर्धा वेळ इकडे, अर्धा तिकडे असं कुणी करून पाहिलंय का? की त्यात तिचीच ओढाताण होईल?