शिकवणी लावली, पण दिवाळीपर्यंत पोरीला नेमकं काय यायला हवं?

रामबागकर:

आम्ही इंदूरचे. मुलगी पाचवीत, एमपी (मध्य प्रदेश) बोर्ड, इंग्रजी माध्यम. गणितासाठी घराजवळच्या बाईंकडे शिकवणी ठरवतो आहोत. बाईंनी आधी तिला तासभर बसवून गणितं दिली आणि मग वही माझ्यापुढे ठेवली. ५२ वजा २७ चं उत्तर ३५, म्हणजे वरचा-खालचा न बघता मोठ्यातून लहान आकडा काढला. ६१२ भागिले ६ चं उत्तर १२, मधलं शून्य गायब. बाई म्हणाल्या, "दिवाळीपर्यंत वजाबाकी आणि भागाकार पक्का करून देते. अपूर्णांक त्यानंतर. टक्क्यांचं वचन मात्र मागू नका."

यावरून घरात दोन तट पडलेत. माझे वडील म्हणतात, पाचवीतल्या पोरीला तिसरी-चौथीचं शिकवायला पैसे का मोजायचे? मला बाईंचं पटतं. "९० टक्के आण" असं सांगितलं तर आज संध्याकाळी वही उघडून काय करायचं हे ना पोरीला कळतं, ना बाईंना, ना मला. म्हणून आम्ही कागदावर लिहिलं: दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात तीन आकडी संख्येला एक आकडी संख्येने भागायची १० गणितं, त्यात मधे शून्य येणारी किमान ३, शेजारी कुणी न बसता; ८ बरोबर यायला हवीत आणि प्रत्येकाचा पडताळा तिने स्वतः गुणाकार करून घ्यायचा. हे कुणालाही तपासता येतं. तिच्या आजीलासुद्धा.

तुम्ही शिकवणी लावताना काय ठरवता?

सुदामानगरची आई:

दादा, स्पष्ट बोलते, राग मानू नका. शाळा तुमच्या कागदासाठी थांबणार नाही. तुमची पोर दिवाळीपर्यंत भागाकार करत बसेल, तोवर वर्गात अपूर्णांक होऊन दशांश सुरू झालेले असतील. वर्गात रोज ४० मिनिटं काही न कळता बसायचं, हे त्या वयाला सोपं नसतं. मुलं आधी गप्प होतात आणि मग "मला गणित येतच नाही" असं स्वतःच ठरवून टाकतात.

शिवाय आपल्याकडे पाचवी आणि आठवीला बोर्डाच्या पद्धतीने परीक्षा आहे. ३३ टक्के पडले नाहीत तर परत परीक्षा, तीही गेली तर त्याच वर्गात. २०१९ साली शिक्षण हक्क कायदा बदलल्यापासून राज्यांना ही मुभा आहे. फेब्रुवारी-मार्च डोक्यावर असताना "अपूर्णांक नंतर" म्हणणाऱ्या बाईंना मी तरी विचारलं असतं, नंतर म्हणजे कधी? ध्येय शाळेच्या अभ्यासक्रमाकडे बघून ठरवावं. मुलगी आज कुठे उभी आहे एवढ्यावरच ठरवलं तर ती तिथेच राहील.

शिकवणीवाला, अन्नपूर्णा रोड:

मी सहावी ते दहावीचं गणित घेतो, म्हणून दुसरी बाजू सांगतो. आमच्या दारात येणारा दर दुसरा पालक म्हणतो, "भिया, बस नब्बे के ऊपर ले आओ." पोराला काय येतं आणि काय येत नाही, हे त्याला विचारलं तर सांगता येत नाही. ९० हा आकडा शेजारच्या मुलाचा असतो.

जानेवारी २०२४ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने कोचिंगवाल्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात रँकची किंवा चांगल्या गुणांची हमी देऊ नये असं आहे आणि १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश देऊ नये असंही. त्या मोठ्या कोचिंग सेंटरांसाठी आहेत, घरी आठ-दहा पोरं शिकवणाऱ्याला थेट लागू होत नसतील. पण गुणांची हमी देणाऱ्यापासून सावध राहायचं हे कळायला तेवढं पुरे. रामबागकर, तुमच्या बाईंनी वचन दिलं नाही, इथेच त्यांच्यावर विश्वास बसला.

एकच भर घाला. आठवडे खरे मोजा. जुलैच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत कागदावर १४-१५ आठवडे दिसतात. त्यातून गणपती वजा करा, अनंत चतुर्दशीच्या झांक्या, म्हणजे रात्रभर निघणारे देखावे, वजा करा (त्या रात्री जागलेलं इंदूरचं पोर दुसऱ्या दिवशी काय भागाकार करणार), नवरात्रातला गरबा आणि तिमाही परीक्षा वजा करा. हाती १० उरतात. पालक १५ धरून चालतात आणि मग शिकवणाऱ्यावर चिडतात.

पलासियाचा इंजिनिअर:

मला हे सगळं फार भित्रं वाटतं. बेंजामिन ब्लूम या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञाने १९८४ साली एकास-एक शिकवणीवरचे निष्कर्ष मांडले होते. अशी शिकवणी मिळालेलं सरासरी मूल नेहमीच्या वर्गातल्या ९८ टक्के मुलांच्या पुढे गेलं. सरासरी मूल! मग शिकवणीच्या जोरावर मूल कुठच्या कुठे जाऊ शकत असताना १० पैकी ८ भागाकारांवर समाधान का मानायचं? मोठं मागितलं तर निदान मधलं तरी मिळतं. आपण लहान मागतो आणि मुलाला कळतं की घरच्यांना आपल्याकडून फारशी आशा नाही. हे त्याला सांगावं लागत नाही.

रामबागकर:

ब्लूमचा दाखला तुम्ही दिलात हे बरं झालं. त्या मुलांना शिकवलं कसं, तेही बघा. एक घटक शिकवायचा, चाचणी घ्यायची, चुकलेलं दुरुस्त करायचं आणि तो पक्का झाल्यावरच पुढच्याला हात घालायचा. आमच्या बाई हेच करतायत. आणि नंतरच्या अभ्यासांत शिकवणीचा फायदा दिसला, पण ९८ टक्क्यांएवढा मोठा भरला नाही.

आशेबद्दल तुम्ही म्हणता ते मला लागलं, आणि ते खरंही आहे. म्हणून मी पोरीला "तुला एवढंच जमेल" असं म्हणत नाही. तिला सांगितलंय की हे झालं की पुढचा कागद लिहायचा, आणि तो तिने लिहायचा.

गणिताच्या निवृत्त बाई:

भागाकारावर अडलेली मुलगी म्हणजे मागासलेली, असं कुणी धरू नका. 'असर' हे सर्वेक्षण २००५ पासून मुलांच्या घरी जाऊन होतं. २०२४ च्या फेरीत तीन आकडी भागिले एक आकडी हा भागाकार करू शकणारी पाचवीची मुलं सुमारे ३१ टक्केच निघाली. ते ग्रामीण भागाचं आहे, मान्य. पण इंदूरच्या खासगी शाळांतही मी वर्षानुवर्षं हीच ६१२ ची चूक तपासली आहे. शतकाच्या घरात १ लिहिला की मुलं पुढचा १ सहाने जात नाही म्हणून सोडून देतात आणि १२ ला उडी मारतात. स्थानिक किंमत कळलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. ५२ मधून २७ काढतानाही तीच गोष्ट नडते. म्हणजे चुका दोन, पण मूळ एक, आणि नेमून शिकवलं तर दहा आठवडेही लागू नयेत.

सुदामानगरच्या ताईंच्या म्हणण्यातली भीती मला पटते, त्यांचा उपाय पटत नाही. भागाकार न येणाऱ्या मुलीला समच्छेद करायला लावलात तर ती रीत पाठ करेल आणि एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश लिहून येईल. अपूर्णांक आजच सुरू करा, पण कागदावर नको. पोळीचे, पेरूचे भाग करून, रोज दहा मिनिटं. वर्गात काय चाललंय याचा तिला अंदाज तरी राहील.

आणि रामबागकर, एक तपासा. तीच गणितं तिला मराठीत तोंडी घाला. घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि पुस्तक इंग्रजी, अशा मुलांना आकडेमोड येते पण शाब्दिक गणित वाचून त्यात भागायचंय की गुणायचंय हे उमगत नाही. तसं असेल तर तुमच्या कागदात वाचनाचा एक कलम हवा.

रामबागकर:

बाई, आजच करून पाहिलं. "६१२ लाडू सहा डब्यांत सारखे भरायचे" म्हटल्यावर तिने आधी ६०० वाटले, मग उरलेले १२, आणि तोंडी १०२ सांगितले. वहीत पुन्हा १२ च. कागदात बदल करतोय: पहिले तीन आठवडे आधी तोंडी अंदाज, मग लेखी. आठवड्याला पाच शाब्दिक गणितं मोठ्याने वाचून, काय विचारलंय ते मराठीत सांगायचं. पेरूही आणतो.

सुदामानगरची आई:

पेरूचं मान्य, वाचनाचंही मान्य. तरी माझं म्हणणं मी सोडत नाही. तुमच्या कागदावर शेजारी दुसरा रकाना आखा: शाळेत त्या आठवड्यात काय झालं. दोन रकान्यांतलं अंतर नवरात्रापर्यंत कमी व्हायला लागलं नाही तर बाईंशी पुन्हा बसा, आठवड्याचा एक तास वाढवा. आणि डिसेंबर उजाडेपर्यंत अपूर्णांक वहीत आले नसतील, तर मी तुमच्या जागी असते तर शिकवणी बदलली असती.