मदत हवी आहे: आजीच्या सागवानी ड्रेसिंग टेबलाचं वय आणि किंमत कशी ठरवायची?

मंडळी, गिरगावातलं आजीचं घर पुनर्विकासासाठी रिकामं करतोय. तिच्या सागवानी ड्रेसिंग टेबलाला मोठा गोल आरसा, गोलाकार कोपरे, पितळी मुठी आहेत. मरीन ड्राइव्हच्या इमारतींसारखी आर्ट डेको, म्हणजे गोलाईदार, रेखीव शैलीची घडण, म्हणून १९३०-४० च्या दशकातलं असावं. खण बाहेर काढून पाहिला: सांध्यांचे दाते हाताने कापलेले, कमी-जास्त रुंदीचे, खिळा एकही नाही. इतकं सुबक काम!

बर्मा टीक आणि आपला साग यांत फरक कसा ओळखायचा? आरशाच्या कडेचा पारा उडालाय. काच बदलली किंवा नवीन पॉलिश केलं तर किंमत घटते का? भंगारवाला लाकडाच्या वजनावर भाव सांगतोय, ते अजिबात पटत नाही. चोरबाजारात मटण स्ट्रीटला, जुन्या वस्तूंच्या दुकानांत दाखवावं का? जाणकारांनी कृपया सांगा.