प्रतिसाद: भांगेच्या फांद्या

मनालीच्या रस्त्याकडेची भांग झुडपासारखी पसरलेली आणि हेम्पच्या (धाग्यासाठी लावलेल्या भांगेच्या) शेतातली काठीसारखी सरळसोट, मग ही दोन वेगळी झाडं का, असं वर विचारलंय. जातीचा फरक असतोच, पण बराचसा खेळ दाटीचा आहे हो. धाग्यासाठी बी दाट पेरतात, मग उजेडासाठी सगळी वर पळतात आणि फांद्या फुटतच नाहीत, तेच झाड मोकळ्यावर एकटं आलं की खालपासून फुटतं. शेंड्यात ऑक्झिन नावाचं वाढीचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरतं आणि पानांच्या बगलेतले डोळे, म्हणजे फांद्यांचे कोंब, दाबून ठेवतं, शेंडा गेला की डोळे सुटलेच! आपल्याकडे तुरीचे शेंडे खुडतात ना, तेच गणित.

अजून एक मजा, रोपाला आधी पानं समोरासमोर येतात, फुलायची वेळ आली की एकाआड एक, आणि फांद्या पानांच्या बगलेतून येत असल्याने त्यांचीही मांडणी तशीच बदलते. त्यामुळे फक्त बुटकं आणि फांद्याळ दिसलं म्हणून लगेच 'इंडिका' ही भांगेची वेगळी जात म्हणू नका. लामार्क या फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञाने १७८५ मध्ये भारतातल्या झाडांवरून ते नाव दिलं खरं, पण नुसत्या आकारावरून जात ठरवणं मला तरी पटत नाही.