अमेरिकेत समर कॅम्पची नोकरी आणि नंतर भटकंती: बडोद्याहून निघताना घरून किती पैसे लागतील?

रावपुऱ्याची पोर

मंडळी, एम. एस. युनिव्हर्सिटीत एम.एस.डब्ल्यू.च्या पहिल्या वर्षाला आहे, मुलांना मल्लखांब शिकवते. न्यूयॉर्क राज्यातल्या एका निवासी कॅम्पची काउन्सेलर म्हणून ऑफर आली आहे. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून दहा आठवडे, पहिला आठवडा ट्रेनिंगचा. राहणं-जेवण त्यांचं, मानधन २,००० डॉलर. व्हिसाचे कागद देणाऱ्या स्पॉन्सर संस्थेची फी ७०० डॉलर, त्यात विमा आला. कॅम्प संपल्यावर तीन आठवडे फिरायचं मनात आहे.

बाबा म्हणतात दीड लाखाच्या वर एक रुपया मिळणार नाही. मानधन धरून दीड लाखात बसतं का? आणि डॉलर इथून किती न्यावेत, कसे न्यावेत?

अलकापुरीचा हिशेबनीस

दीड लाखात बसत नाही. मानधन धरलंस तरी नाही, कारण ते हातात पडेपर्यंत जवळजवळ सगळा खर्च होऊन गेलेला असतो. बरेच कॅम्प मोठा वाटा शेवटच्या आठवड्यात देतात, मधे थोडी उचल देतात किंवा देतही नाहीत. पैसे कधी आणि कसे मिळणार हे ऑफरवर सही करण्याआधी ईमेलने विचारून घे.

डॉलर ९० रुपये धरून मांडतो, पण मनात ९५ ठेव. संस्थेची फी ६३,०००. सेव्हिस फी (परदेशी विद्यार्थी-पाहुण्यांच्या सरकारी नोंदणीची) ३५ डॉलर आणि व्हिसा फी १८५ डॉलर मिळून १९,८००. व्हिसा फीला वकिलात स्वतःचा दर लावते, तो बहुधा बाजारापेक्षा चढाच असतो. पोलीस क्लिअरन्स ५००. मेडिकल फॉर्म, लस, तपासण्या यांना सहाएक हजार. मुंबईची दोन दिवसांची फेरी सात हजार. इथपर्यंत ९६,३००, आणि व्हिसा नाकारला गेला तर यातलं बरंच बुडीत. म्हणून नाकारल्यास संस्था किती परत करते हे पैसे भरण्याआधी लेखी घे. व्हिसा फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळत नाही.

मग तिकीट. जूनमध्ये जाऊन सप्टेंबरमध्ये परत, अहमदाबाद किंवा मुंबईहून, १,१०,००० धर. व्हिसा हातात आल्याशिवाय काढू नकोस, आणि परतीची तारीख बदलता येईल असंच काढ. मार्ग दुबई, दोहा किंवा अबू धाबीचा बरा. युरोपातून कधी थोडे पैसे वाचतात, पण ट्रान्झिट व्हिसाचे नियम वाचत बसावं लागतं.

झाले २,०६,३००. त्यावर कॅम्पमधल्या दहा आठवड्यांसाठी ५०० डॉलर, म्हणजे ४५,०००. आठवड्याला एक सुट्टी असते, त्या दिवशी गावात जाणं-येणं, बाहेरचं जेवण, साबण-शाम्पू. आठवड्याला ३० डॉलरमध्ये भागतं, उरलेले २०० पोचल्यावरच्या पहिल्या दोन-तीन दिवसांचे. एकूण अडीच लाख. २०२५ च्या जुलैमध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यात २५० डॉलरच्या 'व्हिसा इंटिग्रिटी फी'ची तरतूद आहे, ती लागू झाली तर आणखी २२,५०० चढतील. तेवढे बाजूला ठेव.

फिरणं यात नाही. ते मानधनातून. बाबांना हा आकडा आजच सांग. एप्रिलमध्ये सांगितलास तर फी भरून झालेली असेल आणि तिकीट अडेल.

कारेलीबागेतली ताई

पैशांआधी कागद बघ, कारण पैसे तिथेच वाया जातात.

ऑफर लेटरवर काम नेमकं काय लिहिलंय ते वाच. जे-१ या एक्स्चेंज व्हिजिटर व्हिसाच्या कॅम्प काउन्सेलर प्रकारात मुलांबरोबरचंच काम हवं. स्वयंपाकघर, भांडी, लाँड्री, ऑफिस चालत नाही. 'सपोर्ट स्टाफ' लिहिलं असेल तर तो समर वर्क ट्रॅव्हल प्रकार, त्याची संस्था, अटी आणि कागद वेगळे. संस्थेचं नाव अमेरिकी परराष्ट्र खात्याच्या जे-१ संकेतस्थळावरच्या स्पॉन्सरांच्या यादीत शोध. यादीत नसेल तर तिथून पुढे जाऊच नकोस, मधला एजंट कितीही गोड बोलो. या प्रकारात मुदत जास्तीत जास्त चार महिने.

संस्थेकडून डीएस-२०१९ हा पात्रतेचा फॉर्म हातात आला की सेव्हिस फी भरायची. इथे एक घोळ फार होतो: फॉर्म भरताना प्रकार चुकीचा निवडला तर साइट ३५ ऐवजी २२० डॉलर मागते, आणि लोक भरून मोकळे होतात. प्रोग्रॅम नंबर आणि प्रकार डीएस-२०१९ वरून जसाच्या तसा उतरव.

मग डीएस-१६०, म्हणजे व्हिसाचा ऑनलाइन अर्ज. त्यात मागच्या पाच वर्षांतली सोशल मीडियाची सगळी नावं मागतात, आणि २०२५ च्या जूनपासून जे व्हिसावाल्यांना खाती 'पब्लिक' ठेवायला सांगितलं आहे. गुजरातला मुंबईची वकिलात. बोटांचे ठसे एक दिवस, मुलाखत दुसऱ्या दिवशी वांद्रे-कुर्ला संकुलात. दोन्ही लागोपाठच्या दिवशी मिळतील असा स्लॉट धर, नाहीतर गाडीभाडं दोनदा.

मुलाखतीत तू परत येणार का, हाच खरा प्रश्न असतो. तुझ्या बाबतीत गोची अशी की सप्टेंबरात परतशील तोवर तिसऱ्या सेमिस्टरचे दोन-अडीच महिने गेलेले असतील. हजेरी आणि फील्डवर्कचं काय, हे विभागाशी आधी बोल, आणि 'अमुक तारखेला पुन्हा रुजू होईल' असं विभागप्रमुखांचं पत्र घे. ते नसेल तर 'कॉलेज चालू आहे आणि ही चालली कुठे' हा प्रश्न समोरच्याला पडणारच.

मेडिकल फॉर्ममध्ये टीबीची चाचणी असते. आपल्याकडे लहानपणी बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची मँटू चाचणी पॉझिटिव्ह दिसू शकते आणि मग एक्स-रे, डॉक्टरांचं पत्र असं लांबण लागतं. डॉक्टरांना विचारून सरळ इग्रा ही रक्ताची चाचणी कर, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. लशींच्या नोंदी बालपणीच्या पुस्तिकेवरून उतरवून सही-शिक्क्यासह घे. पोलीस क्लिअरन्स पासपोर्ट सेवा केंद्रातून, ते बडोद्यातच होतं.

मांडवीचा गल्लेवाला

पैसे कसे न्यायचे ते सांगतो. ३०० डॉलर रोख, तेही लहान नोटांत. नियमाने ३,००० पर्यंत नेता येतात, पण पत्र्याच्या केबिनमध्ये चौदा जणींबरोबर झोपायचं असताना रोख बाळगू नये. बाकीचे फॉरेक्स कार्डवर. साध्या डेबिट-क्रेडिट कार्डावर साधारण दोन ते साडेतीन टक्के मार्कअप आणि त्या मार्कअपवर जीएसटी बसतो, तरी एक क्रेडिट कार्ड सोबत असू दे, हॉस्टेलं डिपॉझिटसाठी मागतात. मशीनने 'रुपयांत की डॉलरमध्ये' विचारलं तर दरवेळी डॉलर. रुपये निवडलेस की दर दुकानदाराची बँक ठरवते.

भारतातलं सिम बंद पडू देऊ नकोस, ओटीपी त्यावरच येतात. निघण्याआधी रोमिंग चालू कर आणि बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहारही चालू कर. कॅम्पमध्ये फोन बहुतेक फक्त सुट्टीच्या वेळी हातात असतो, त्यामुळे कार्ड अडकलं तर दुरुस्तीला दोन दिवस जातात.

आता मानधनातून काय कापलं जातं. पोचल्यावर आठ-दहा दिवसांनी सोशल सिक्युरिटी नंबरसाठी अर्ज, तो फुकट असतो, बहुतेक कॅम्प सगळ्यांना गाडीतून एकत्र नेतात. आय-९४ या प्रवेश-नोंदीची प्रत सरकारी साइटवरून फुकट निघते, पैसे मागणाऱ्या साइट दलालांच्या. डब्ल्यू-४ या करकपातीच्या फॉर्मवर चौथ्या पायरीच्या खाली 'एनआरए' (नॉन-रेसिडेंट एलियन) लिही. तुला सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर हे कर लागू नाहीत, म्हणजे ७.६५ टक्के कापायला नकोत. २,००० वर ते १५३ डॉलर होतात. गावातला पगारपत्रक करणारा माणूस परदेशी कर्मचाऱ्यांची सवय नसेल तर कापून टाकतो. पहिल्याच पगाराच्या चिठ्ठीवर बघ आणि तिथेच दुरुस्त करून घे. नंतर ८४३ नंबरचा फॉर्म भरून आयआरएस या तिथल्या आयकर खात्याकडून परत मागता येतात, पण वाट बघावी लागते. फेडरल आयकर मात्र १० टक्के जाणारच, राज्याचा थोडा. हातात १,७०० ते १,७५० येतील असं धर.

पुढच्या जानेवारीत डब्ल्यू-२ हा पगार-कपातीचा वार्षिक फॉर्म येईल, तो बडोद्याच्या पत्त्यावर किंवा ईमेलवर मागवून ठेव. १५ एप्रिलपर्यंत १०४०-एनआर हे अनिवासींचं रिटर्न आणि सोबत ८८४३ हा फॉर्म भर. साधा १०४० भरू नकोस, फुकटची सॉफ्टवेअरं मुकाट्याने तोच भरून देतात. इथल्या रिटर्नमध्येही हे उत्पन्न दाखवावं लागतं, आणि तिथे खातं उघडलंस तर त्याची नोंद शेड्यूल एफए या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, खातं नंतर बंद केलं असलं तरी.

शेवटचा चेक घेऊन बडोद्याला येऊ नकोस. परदेशी चेक वटायला इथे फार वेळ जातो आणि दोन्हीकडच्या बँका शुल्क कापतात. खात्यात थेट जमा होत नसेल तर कॅम्पची ज्या बँकेत खाती आहेत तिच्याच शाखेत पासपोर्ट दाखवून निघण्याआधी वटव. कॅम्प शनिवारी सुटतो आणि बँक दुपारी बंद होते, त्यामुळे चेक गुरुवार-शुक्रवारी माग.

रावपुऱ्याची पोर

सगळ्यांचे आभार. बाबांना अडीच लाख सांगितले, अजून चहा घेतलेला नाही त्यांनी. तीन आठवडे १,७०० डॉलरमध्ये होतील? न्यूयॉर्क, वॉशिंग्टन, नायगारा, आणि जमलं तर ग्रँड कॅन्यन. कुठेतरी वाचलं की ८० डॉलरच्या पासमध्ये सगळी राष्ट्रीय उद्यानं होतात.

सयाजीगंजकर

तीन आठवडे होणार नाहीत, दोन होतील. मोठ्या शहरात दिवसाला ११० डॉलर धर: हॉस्टेलचा पलंग ६० ते ९०, बाकीचं खाणं आणि प्रवास. चौदा दिवसांचे १,५४०, शहरा-शहरांतल्या बसचे १५०, झाले १,६९०. तिसरा आठवडा हवा असेल तर आणखी ७७० डॉलर घरून किंवा एखाद्या नातेवाइकाचा सोफा. बडोद्याच्या माणसाला न्यू जर्सीत ओळखीचं कोणीच नाही असं सहसा होत नाही, संकोच करू नकोस.

पासची माहिती जुनी आहे. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेबाहेरच्या पर्यटकांना वार्षिक पास २५० डॉलरला आहे, आणि पास नसेल तर ग्रँड कॅन्यन, योसेमिटी, यलोस्टोनसह अकरा मोठ्या उद्यानांत नेहमीच्या प्रवेशावर माणशी १०० डॉलर जादा. विमान धरलंस तर ग्रँड कॅन्यनचे तीन दिवस तुझं निम्मं बजेट खातील. मी असतो तर या खेपेला पश्चिमेकडे वळलोच नसतो.

पूर्वेकडे फुकटच इतकं आहे. वॉशिंग्टनची स्मिथसोनियन संग्रहालयं फुकट. एअर अँड स्पेसला वेळेचा पास लागतो, तोही फुकट. न्यूयॉर्कमध्ये स्वातंत्र्यदेवता लांबून पाहायला स्टेटन आयलंडची फेरी फुकट. तिथल्या मेट्रोचं भाडं ३ डॉलर. एकच कार्ड किंवा फोन टॅप करत राहिलीस तर सात दिवसांत ३५ डॉलरच्या वर कापत नाही. दर टॅपला वेगळं कार्ड वापरलंस तर ती सवलत लागू होत नाही. नायगारा अमेरिकेच्या बाजूने पायी गेलं तर प्रवेश फुकट.

पण नायगाराला पूल ओलांडून कॅनडात जाऊ नकोस. डीएस-२०१९ वरच्या शेवटच्या तारखेनंतर ३० दिवस देशात फिरता येतं, पण त्या काळात एकदा बाहेर पडलीस की जे-१ वर आत येता येत नाही. कॅनडाचा व्हिसाही वेगळा लागतो. या ३० दिवसांत कोणतंही काम करायचं नाही, ओळखीच्यांच्या मुलांना सांभाळून रोख घेणंही नाही. आणि कॅम्प मधेच सोडलास किंवा काढून टाकलं तर हे ३० दिवस मिळत नाहीत, म्हणून पुढची हॉस्टेलं रद्द करता येतील अशीच बुक कर. संस्थेचा विमा सहसा डीएस-२०१९ च्या तारखेला संपतो, फिरण्याच्या दिवसांसाठी तो वाढवून घे. तिथे इमर्जन्सी रूममध्ये पाय मुरगळल्याचं बिलसुद्धा तुझ्या सगळ्या मानधनाएवढं येऊ शकतं.

बसची तिकिटं तीन-चार आठवडे आधी काढलीस तर निम्म्यात मिळतात. सप्टेंबरचा पहिला सोमवार लेबर डे. त्याच्या आधीचे चार दिवस प्रवास टाळ, नंतर हॉस्टेलचे दर उतरतात. किमतीच्या पाट्यांवर कर धरलेला नसतो, न्यूयॉर्क शहरात तो ८.८७५ टक्के, आणि बसून जेवलीस तर वर १५ ते २० टक्के टिप. दिवसातून एकदा किराणा दुकानातून ब्रेड, दही, केळी आणि हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात खिचडी, हे जमवलंस तरच ११० मध्ये राहशील.

कारेलीबागेतली ताई

खाण्याचं निघालं म्हणून एक राहिलं. बॅगेत चिवडा, चिक्की, शेंगदाण्याची चटणी भरण्याआधी कॅम्पला विचार. पुष्कळ कॅम्पांत शेंगदाण्याच्या ॲलर्जीची मुलं असतात आणि केबिनमध्ये शेंगदाणा आणायला बंदी असते. सापडला तर जप्त होतो आणि काउन्सेलरला समज मिळते. थेपले, खाकरे, भाजलेले पोहे चालतात. शाकाहारी असशील तर ते अर्जातच लिही. आणि गवतातल्या गोचिडीपासून जपण्यासाठी पायघोळ पँट आणि लांब मोजे इथूनच ने, त्या भागात लाइमचा आजार आहे. संध्याकाळी पोटऱ्या, गुडघ्यामागचा भाग, कानामागे तपासून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.