'रिबेका'मधील कबुलीजबाबानंतर वाचक कोणाच्या बाजूने उभा राहतो?

अनुस्वार

(रहस्यभेदाची सूचना: पुढील मजकुरात कादंबरीचा शेवट उघड केलेला आहे.)

डॅफ्नी ड्यू मॉरिए यांची १९३८ साली प्रसिद्ध झालेली 'रिबेका' ही कादंबरी आमच्या वाचनगटाने नुकतीच वाचली. सर्वांचे एकमत होईल अशी अपेक्षा नव्हतीच. परंतु मतभेद आवडीनिवडीपुरते न राहता एकाच प्रसंगापाशी येऊन अडकले. मॅक्सिम डी विंटर आपल्या दुसऱ्या पत्नीला सांगतो की रिबेकाचा, म्हणजे त्याच्या पहिल्या पत्नीचा, मृत्यू बोट बुडून झालेला नाही. त्यानेच तिला गोळी घातली. हे ऐकताना या दुसऱ्या पत्नीच्या, म्हणजे कादंबरीच्या निवेदिकेच्या, मनात भीती किंवा घृणा दाटून येत नाही, तर याचे रिबेकावर कधीच प्रेम नव्हते, एवढीच एक गोष्ट तिला लख्ख दिसते. तिथपासून शेवटापर्यंत मॅक्सिम पकडला जाऊ नये, या इच्छेने आपण पाने उलटत राहतो.

काहींना यात लेखिकेच्या कौशल्याची परिसीमा दिसली, तर काहींना ही वाचकाची फसवणूक वाटली. दोघांना पूर्वार्ध इतका संथ वाटला की त्यांनी पुस्तक त्या प्रसंगाच्या आधीच मिटले. मला स्वतःला पूर्वार्ध अतिशय आवडला आणि उत्तरार्धाने अस्वस्थ केले. ही अस्वस्थता लेखिकेला अभिप्रेत होती, की आजच्या काळात बसून वाचल्यामुळे ती माझ्याच मनात उपजली आहे, हे मला ठरवता येत नाही. आपले वाचन काय सांगते?

मध्यान्ह

ज्यांना पूर्वार्ध संथ वाटला, त्यांनी बहुधा रहस्य चुकीच्या ठिकाणी शोधले असावे. तिथे 'खुनी कोण' हा प्रश्नच नाही. तिथला ताण लाजेचा आहे. मॅन्डर्ली या मॅक्सिमच्या वाड्यातल्या सकाळच्या बैठकीच्या खोलीत निवेदिकेच्या हातून चिनी मातीची एक मौल्यवान मूर्ती फुटते. घराची मालकीण असूनही ती तुकडे एखाद्या भेदरलेल्या मुलीप्रमाणे खणात दडवून ठेवते, पुढे मूर्ती नाहीशी झाल्याचा आळ एका नोकरावर येतो आणि मग तिला घराची व्यवस्था पाहणाऱ्या मिसेस डॅनव्हर्ससमोर सारे कबूल करावे लागते. या प्रसंगात कोणाच्याही जिवाला धोका नाही, तरीही तो वाचताना पोटात जो गोळा येतो, तो मला अनेक रक्तरंजित कादंबऱ्यांमध्ये आला नाही.

शिवाय ही निवेदिका सतत कल्पना करत असते. नोकर आपल्याविषयी काय बोलत असतील, पाहुण्या परत जाताना गाडीत काय म्हणत असतील, याचे संपूर्ण संवाद ती मनात रचते, आणि आपण ते जवळजवळ घडलेल्या घटनांसारखे वाचतो. ती आपल्याशी खोटे बोलत नाही, परंतु तिच्या भयाने रंगवलेले जगच आपल्यापर्यंत पोहोचते. तिचे नावदेखील आपल्याला कधी कळत नाही. ते सुंदर आणि वेगळे आहे, एवढेच मॅक्सिम एकदा म्हणून जातो. उलट रिबेकाचे नाव मुखपृष्ठापासून आपल्यासमोर असते. इतका काळ या असुरक्षित मनात कोंडून राहिलेल्या वाचकाला कबुलीजबाबाच्या क्षणी तिच्याइतकेच हलके वाटणार, हे उघड आहे, आणि माझ्या मते लेखिकेने ते पूर्ण विचाराने घडवून आणले आहे. पूर्वार्ध थोडा आवरला असता तर उत्तरार्ध उभाच राहिला नसता. (भाजीपाल्यासारखी पाने चाळून 'वेग नाही' असा शेरा मारण्याची सवय हल्ली फार वाढली आहे, हे जाता जाता नोंदवतो.)

कोरा कागद

कौशल्य मान्य आहे. माझी तक्रार निराळी आहे. रिबेका दुष्ट होती, हे आपल्याला सविस्तर कोण सांगते? जो तिला मारून मोकळा झाला आणि ज्याला आता आपल्या पत्नीची सहानुभूती हवी आहे, तोच माणूस. ज्या स्त्रीविषयी ही सारी सुनावणी चालली आहे, ती बोलूच शकत नाही. त्यातच मॅक्सिमचा कारभारी फ्रँक क्रॉली याला सारे ठाऊक असावे आणि दंडाधिकारी कर्नल ज्युलियन यांनाही ते उमगले असावे, असे कादंबरीतून सूचित होते. हे खरे धरले, तर भल्या घरचे सारे पुरुष आपल्यातल्या एकाला वाचवण्यासाठी मौन पाळत आहेत, आणि वाचकानेही त्या मौनात सामील व्हावे अशी व्यवस्था केलेली आहे. मी सामील झालो नाही, म्हणून मला उत्तरार्ध थरारक न वाटता किळसवाणा वाटला.

साक्षेपी

कोरा कागद, आपला मुद्दा मोलाचा आहे, परंतु पुरावा केवळ मॅक्सिमचा आहे, हे विधान मजकुराशी जुळत नाही. किनाऱ्यावर भटकणारा मंदबुद्धी बेन निवेदिकेला बऱ्याच आधी सांगतो की ती उंच, काळ्या केसांची बाई सापासारखी वाटायची आणि वेड्यांच्या इस्पितळात पाठवीन अशी धमकी तिने त्याला दिली होती. बेनला मॅक्सिमची बाजू राखण्याचे काहीच कारण नाही. त्याहून वजनदार साक्ष मिसेस डॅनव्हर्सची आहे. जी बाई रिबेकाला देवासमान मानते, तीच रिबेकाचा नातलग आणि प्रियकर असलेल्या फॅव्हेलसमोर अभिमानाने म्हणते की प्रेम हा रिबेकाच्या दृष्टीने निव्वळ खेळ होता आणि ती सगळ्या पुरुषांना हसत असे. भक्ताच्या तोंडून आलेली ही साक्ष सहज बाजूला सारता येणार नाही.

अर्थात रिबेका क्रूर होती हे सिद्ध झाल्याने तिला मारण्याचा अधिकार सिद्ध होत नाही, आणि ही दरी कादंबरी बुजवत नाही, असे माझे वाचन आहे. लंडनच्या डॉक्टर बेकरांकडून तिच्या असाध्य आजाराची हकीकत कळते, तेव्हा मृत्यूच्या चौकशीत निघालेल्या आत्महत्येच्या निष्कर्षाला कारण मिळते आणि मॅक्सिम कायद्याच्या कचाट्यातून सुटतो. परंतु त्याच माहितीमुळे मॅक्सिमला असेही वाटू लागते की आपल्या पोटात दुसऱ्याचे मूल असल्याची खोटी गोष्ट सांगून रिबेकाने त्याला मुद्दाम डिवचले आणि आपले मरण त्याच्या हातून घडवून आणले. हे खरे असेल, तर तो तिच्या शेवटच्या डावातले प्यादे ठरतो. तो सुटला असे म्हणावे की हरला, याबाबत मी अजून स्वतःशीच वाद घालतो.

पानोपानी

मी आधी हिचकॉक यांचा १९४० सालचा चित्रपट पाहिला होता. त्यात रिबेकाला गोळी लागत नाही. ती अडखळून पडते आणि डोक्याला मार लागून मरते, कारण त्या काळातील हॉलिवूडच्या संहितेनुसार (पडद्यावर काय दाखवावे याच्या नियमांनुसार) पत्नीचा खून करणाऱ्याला शिक्षेविना सोडणे शक्य नव्हते. त्यामुळे कादंबरीतील कबुलीजबाब वाचताना मला खरोखर धक्का बसला. शेवट ठाऊक असूनही पुस्तक खाली ठेववले नाही, विशेषतः बोट बांधणाऱ्या टॅबच्या साक्षीपाशी. अनुस्वार यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे की ही अस्वस्थता केवळ आपल्या काळाची नाही. प्रकाशनानंतर दोनच वर्षांत संहितेने हा खून पडद्यावर येऊ दिला नाही, याचा अर्थ ही गोष्ट तेव्हाही पचायला जड होती.

अनुस्वार

चित्रपटातील बदलाचा हा अर्थ मला सुचला नव्हता. परंतु संहिता ही पडद्याची नियमावली होती. तिच्यावरून कादंबरीच्या वाचकांची प्रतिक्रिया ताडता येईल का, याबद्दल मी साशंक आहे. साक्षेपी यांना एक विचारतो: मॅक्सिम हरला असे मानायचे, तर त्याला आधार केवळ त्याच्या स्वतःच्या तर्काचा आहे, की अन्यत्रही काही सापडते?

साक्षेपी

सापडते, आणि ते कादंबरीच्या सुरुवातीलाच आहे. वाचताना त्याचे महत्त्व कळत नाही, एवढेच. मॅन्डर्ली जळून गेल्यानंतरचे त्या दोघांचे आयुष्य आपल्याला दुसऱ्या प्रकरणातच दाखवले जाते. ती दोघे परदेशातील हॉटेलांमध्ये राहतात, ओळखीची माणसे टाळतात आणि इंग्लंडहून आलेल्या शिळ्या वर्तमानपत्रांची वाट पाहतात. निवेदिका त्याला क्रिकेटचे निकाल वाचून दाखवते आणि घराची आठवण चाळवेल असा मजकूर आला की तो वगळते. आपण सुखी आहोत, असे ती सांगते, परंतु ते पुन्हा पुन्हा सांगण्याची गरज तिला पडते. पूर्वी ती एका श्रीमंत बाईची पगारी सोबतीण होती. आता ती एका थकलेल्या पुरुषाची सोबतीण आहे आणि या नोकरीचा राजीनामा देता येत नाही. कोरा कागद यांनी ते प्रकरण शेवटानंतर पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे.

कोरा कागद

वाचले. शिक्षा झाली आहे, हे मान्य करतो. मात्र ती दोघांनी वाटून घेतली आहे आणि गोळी एकट्याने झाडली होती, त्यामुळे माझी तक्रार अर्धीच मिटली.